करवतीच्या पोलादाचा चाकू

अब्बा ठिणगीवरून पोलाद ओळखायचे. भंगारातून आणलेला तुकडा फिरत्या चाकाला टेकवायचे, डोळे बारीक करायचे आणि ठिणग्या कशा उडतात ते बघायचे. ट्रकच्या कमानीचा पाटा असला की ठिणग्या लांब जाऊन फुटायच्या, एकीच्या चार, चारांच्या आणखी, अगदी फुलबाजीसारख्या. स्टेनलेसच्या आखूड असायच्या, हाताशीच विझायच्या. मी शाळेचा गणवेश न काढता मोरीच्या कठड्यावर बसून ते बघायचे. अब्बा विचारायचे, "बोल, क्या है?" आणि मी सांगायचे, "कमान." बरोबर आलं की ते तुकडा डावीकडच्या ढिगात टाकायचे. चुकलं तरी रागवायचे नाहीत, परत टेकवायचे. "फूल देख, फूल."

आमचं सोलापुरातलं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची शेड. शेडमध्ये भट्टी, ऐरण, पातं पकडायचा शिकंजा आणि मोटरीवर फिरणारं दगडी चाक. शिकलगारांचं घर, त्यामुळं धार लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. पण अब्बांनी घडीचे चाकू करायला घेतले होते. मुठीत मिटणारे, खिशात मावणारे. घरात आम्ही दख्खनी बोलायचो. इथं मी बरंचसं मराठीत लिहितेय, पण अब्बांची काही वाक्यं मराठीत आली की ती अब्बांची राहत नाहीत. ती तशीच ठेवलीत.

शेजारी यंत्रमागाचा कारखाना होता. त्याची खटाखट सकाळी सुरू झाली की दिवसभर भिंतीतून यायची, इतकी की लाइट गेली की आमचे कान दुखायचे. त्या खटाखटीवर अब्बांच्या चाकाचा सूं आवाज चढायचा, मधेच थांबायचा, पाण्यात चर्रर्र व्हायचं, पुन्हा सूं. हा पाण्याचा आवाज लक्षात ठेवा. चाकाशेजारी तेलाचा मोठा पत्र्याचा डबा असायचा, तोंड कापलेला, काठोकाठ पाण्यानं भरलेला. कमानीचं पातं चाकावर तापतं. जास्त तापलं की निळं पडतं, आणि निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला, ते पातं वाया. म्हणून चाकावर दोन फेरे मारायचे की पातं डब्यात बुडवायचं. पुन्हा दोन फेरे, पुन्हा डबा. पातं ओलं, चाक ओलं, अब्बांचे हात कोपरापर्यंत ओले. डबा भरणं माझं काम. मला त्याचा भयंकर कंटाळा होता, कारण आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि त्यातलं निम्मं त्या डब्यात जायचं.

अम्मी विड्या वळायची. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसायची, आणि हात चालूच ठेवून आमच्याशी बोलायची. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. अब्बा भाकरी मोडायच्या आधी हात तीनदा धुवायचे, तरी त्यांच्या बोटांना लोखंडाचा वास असायचाच. त्यांनी भरवलेल्या घासाला तो वास असायचा. मला तो आवडायचा. आता कुठल्या वर्कशॉपात तो वास आला की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागतं.

मी पत्रकं लिहिते. तेच माझं काम. छोट्या कारखान्यांतल्या, घरगुती शेडमधल्या कामगारांच्या मागण्यांची पत्रकं, फाटकाबाहेर वाटायची. आत्मकथन लिहायचं माझं वय नाही, हे मला चार जणांनी ऐकवलंय. ऐकवू देत. म्हातारी होईपर्यंत थांबले तर हे प्रकरण मी गोड करून लिहीन, आणि मला ते गोड करायचं नाही. आमच्या संघटनेत माझा एक नियम आहे, सगळे त्यावरून माझी चेष्टा करतात. पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं. 'एक हितचिंतक' वगैरे चालणार नाही. लोकांना काही करायला सांगतोस ना? मग खाली नाव घाल. हा नियम कुठून आला, ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

तेव्हा मी दहावीत होते. निबंधात पहिली, वक्तृत्वात पहिली, विज्ञानात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क. एका सकाळी वैरागकडचे भानुदासकाका आले. त्यांची डाळिंबाची बाग होती, कलमं बांधायला ते अब्बांचाच चाकू वापरायचे. त्यांनी चाकू उघडून अब्बांच्या हातात ठेवला.

"मौलाभाई, ह्यो बगा तुमचा चाकू. धा कलमं केली की लोणी बी कापंना."

"दगडावर घासता का नाही?"

"आवो, बागंत दगड घिऊन हिंडू का मी? त्या पंढरपूरवाल्या पावण्याकडं बगितला मी, करवतीच्या पात्याचा चाकू. अख्खा हंगाम धार हालली न्हाय. तसला करता का बोला, न्हायतर ऱ्हायलं."

"तसला करत नाही मी."

"का वो? येत न्हाय व्हय?"

अब्बा हसले. पण मला ते लागलं. येत नाही म्हणजे काय?

करवतीचं पातं म्हणजे कारखान्यात लोखंडाचे गज कापायला यंत्राला जी हातभर लांब करवत लावतात, तिचं पातं. मोडलं की भंगारात जातं. अब्बांकडं तसली चार-पाच पडून होती. त्या संध्याकाळी मी हट्ट धरला, म्हणून त्यांनी एक चाकाला टेकवलं. ठिणग्या आल्या, पण कसल्या! काळपट लाल, बारीक रेघा. एकसुद्धा फुटली नाही. "देख," अब्बा म्हणाले, "इसकू फूल नै." मग त्यांनी ते पोलाद कसं असतं ते मला सांगितलं. आमच्या भट्टीला ते दाद देत नाही. तापवून ऐरणीवर घेतलं तर तडकतं. त्याला ड्रिलनं भोकही पडत नाही. पात्याच्या दोन टोकांना यंत्रात अडकवायची भोकं आयती असतात, तेवढ्यांतच मुठीचा खिळा बसवायचा. म्हणजे एका पात्यातून चाकू दोनच. आणि आकार द्यायचा तो सगळा चाकावर घासून. हातोडीचं काही चालत नाही. "कमान का पाता मैं बनाता. ये तो सिर्फ घिसना हुआ, बेटा. इसमें मेरा क्या?"

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. वक्तृत्वातली मुलगी होते ना. मी म्हणाले, "अब्बा, लोकांना धार पाहिजे. तुमची हातोडी त्यांना दिसत नाही. जमाना बदलला. तुम्ही नाही केलंत तर दुसरा कुणी करेल, आणि भानुदासकाकांसारखी सगळी गिऱ्हाइकं त्याच्याकडं जातील."

अम्मी आतून म्हणाली, "पोरगी बरोबर बोलतेय की."

अब्बा बराच वेळ ते पातं उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "हौ. देखते."

पहिला चाकू भानुदासकाकांना गेला. पंधरा दिवसांत त्यांनी आणखी तिघांना धाडलं. मला चेव चढला. मी वहीच्या कागदावर मजकूर लिहिला, कोपऱ्यात उघड्या चाकूचं चित्र काढलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याच्या झेरॉक्स काढून आणल्या. माझं आयुष्यातलं पहिलं पत्रक. ते असं होतं:

"धार! धार! धार! बागाईतदार, मेंढपाळ आणि विणकर बंधूंनो, किती दिवस बोथट चाकू खिशात वागवणार? आता आला आहे करवतीच्या अस्सल पोलादाचा घडीचा चाकू! दगडावर घासायची कटकट नाही. एकदा घ्या, जन्मभर वापरा!"

खाली अब्बांचं नाव आणि पत्ता.

वैरागच्या आठवडी बाजारात मी अब्बांबरोबर गेले आणि ती पत्रकं वाटली. नुसती वाटली नाहीत, मोठ्यानं वाचून दाखवली. मिरच्यांच्या ढिगापासून बैलांच्या दाव्यांपर्यंत. माणसं थांबायची, हसायची. एक म्हातारा म्हणाला, "पोरगी हाय का लाउडस्पीकर?" अब्बा चादरीवर चाकू मांडून बसले होते, मान खाली घालून, पण कान माझ्याकडं. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हतं. चार इयत्ता उर्दू, तेवढंच. परत येताना एसटीत त्यांनी माझ्याकडून ते पत्रक पुन्हा दोनदा वाचून घेतलं.

काम वाढलं. आणि आमच्या घरात कुणीच न मागितलेली एक सोय झाली. करवतीचं पोलाद चाकावर लाल झालं तरी त्याचा कडकपणा जात नाही. लोखंड कापताना तापायचंच, म्हणून ते तसलंच केलेलं असतं. म्हणजे पाण्यात बुडवायची गरजच नाही. अब्बा सरळ घासत राहायचे. चर्रर्र थांबलं. नुसतं सूं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. एक दिवस अम्मीनं विचारलं, "डबा कोरडा कसा?" अब्बा म्हणाले, "इसकू पानी नक्को लगता." मला काय आनंद झाला! नळाचं पाणी वाचलं, माझं काम वाचलं. महिनाभरानं अम्मीनं त्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, माती भरली आणि पुदिना लावला. तो असा फोफावला की सगळी गल्ली चटणीला आमच्याकडून न्यायची.

आणखी एक सांगते. अब्बांचं चाक दगडाचं होतं. कमानीची पाती करायचे तेव्हा ते वर्ष-वर्ष टिकायचं. करवतीचं पोलाद दगड खातं. नवं चाक परातीएवढं यायचं, बघता बघता भाकरीएवढं व्हायचं, मग पुरीएवढं, मग नवं. मी ते बघत होते. मी, विज्ञानात पहिली. परातीची पुरी झाली, तर मधला दगड गेला कुठं? हा प्रश्न मला पडला नाही. तो शेडभर होता. अब्बांच्या पापण्यांवर होता, पुदिन्याच्या पानांवर होता, पानं धुवूनच घ्यावी लागायची. अम्मी म्हणायची, धूळ लई झाली बाई. आम्ही सगळे तिला धूळ म्हणायचो.

मी कॉलेजात असताना खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, मग जिना चढताना, मग बोलताना. दवाखान्यात एक्स-रे काढला, टीबी म्हणाले. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. खोकला तसाच. पुन्हा कोर्स. बेडका तपासला त्यात कधी काही सापडलं नाही, तरी गोळ्या चालूच. एका डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता?" अब्बा म्हणाले, नाही. "घरात कुणी?" अब्बांनी सांगून टाकलं, बायको वळते. झालं! डॉक्टरांना कारण मिळालं. घरात तंबाखूची पूड उडते, दुसरं काय होणार?

त्या दिवसापासून अम्मी विड्या वळायला बाहेर बसायला लागली. सोलापूरचं ऊन काय असतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. वैशाखात ती ओट्यावर, डोक्यावर ओलं फडकं टाकून, मांडीवर सूप. का, तर तिच्या तंबाखूनं नवऱ्याला त्रास नको. आणि आत शेडमध्ये ज्याला त्रास नको तो माणूस कोरड्या चाकापुढं बसलेला, दगडाची पूड ओढत. चार उन्हाळे. ती चार वर्षं स्वतःला दोष देत बसली होती. आजही कुणी समोर बिडी पेटवली की ती तोंड फिरवते. मी कितीदा सांगितलं, अम्मी, तुझं काही नव्हतं त्यात. ती मान हलवते, पण पटलेलं नसतं.

'काम काय करता?' एवढा एक प्रश्न. इतक्या केसपेपरांवर नाव, वय, वजन, पत्ता, सगळे रकाने होते. कामाचा रकाना एकतर नव्हता, नाहीतर त्यात 'मजुरी' लिहून मोकळे. शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी तो प्रश्न विचारला. अब्बांची बोटं बघून विचारला. मग म्हणाल्या, "कोरडं घासता की ओलं?"

अब्बा माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "आधी ओलं होतं."

"मग कोरडं का केलं?"

मी केसपेपरची घडी घालायला लागले. बाईंनी समजावून सांगितलं. दगडाची बारीक पूड फुफ्फुसात बसते, तिथं गाठी धरते, निघत नाही. पाणी असतं तेव्हा बरीचशी खालीच बसते. आता औषध म्हणजे त्रास कमी करायचं, बाकी नाही. टीबीच्या गोळ्या त्यांनी बंद केल्या. अब्बांनी त्यांना हात जोडले आणि विचारलं, "मैं काम कब से करूँ?"

मी चिडते, हे मला माहीत आहे. सभेत माझा आवाज चढतो, मग मागचे पुरुष कार्यकर्ते 'ताई, शांत' म्हणतात. शांत का? स्वतःच्या शेडमध्ये घासणारा माणूस कुणाचाच कामगार नसतो. तो मेला तर कारखान्यात अपघात झाला असं कुठं नोंदवत नाहीत. चाक विकणारा सांगत नाही, पोलाद विकणारा सांगत नाही, चाकू घेणारा धार बघतो. हे सगळं मी पत्रकांत लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण या प्रकरणात तेवढंच लिहिलं तर मी सुटले. मालक नव्हता आमच्याकडं कुणी. पोलाद कुठलं घ्यायचं हे आमच्या घरात ठरलं, आणि अब्बांना ते नको होतं. त्यांना ते का नको होतं? त्यांना धुळीचं माहीत नव्हतं. त्यांना फक्त ते पोलाद आपलं वाटत नव्हतं. तेवढंच कारण ऐकायला हवं होतं मी.

चाकाची मोटार बंद करून वर्ष होत आलं होतं. अब्बा खाटेवर उशांना टेकून बसायचे, आडवं झालं की दम लागायचा. एका सकाळी म्हणाले, "रुबी, कमान का एक बनाता तेरे वास्ते." मी नाही म्हणाले. अम्मी नाही म्हणाली नाही. ती उठली, डब्यातला पुदिना मुळांसकट उपटला, माती गटाराशी ओतली, भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले आणि घरातलं होतं तेवढं सगळं पाणी डब्यात ओतलं. पिण्याचा हंडासुद्धा.

डावीकडच्या ढिगात एक जुनं पातं होतं, कधीकाळी ऐरणीवर काढून, पाणी देऊन कडक करून ठेवलेलं. मी अब्बांच्या नाकातोंडाला ओला पंचा बांधला आणि मोटार लावली. ठिणग्या आल्या. फुटल्या. मी इतक्या वर्षांनी ती फुलं बघत होते. दोन फेरे, आणि डबा. चर्रर्र. अब्बा थांबायचे, श्वास गोळा करायचे. पुन्हा दोन फेरे. अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. आकार झाला, मूठ बसली, उघडझाप झाली. धार काढायची राहिली होती. दम पुरेनासा झाला, तेव्हा मी मोटार बंद केली.

"धार तू लगा ले," ते म्हणाले.

मग त्यांनी खिळ्यांची पेटी मागितली. मला वाटलं मुठीला आणखी खिळा हवाय. त्यांनी पेटीतले खिळे बाजूला केले आणि तळाशी घातलेला कागद काढला. माझं पत्रक. घड्यांवर फाटलेलं, तेलानं पिवळं झालेलं.

"पढ," ते म्हणाले. "जैसा बाजार में पढ़ी थी वैसा."

मी वाचलं. बाजारात वाचलं तसं कुठून वाचणार? पण वाचलं. धार, धार, धार. बागाईतदार, मेंढपाळ, विणकर बंधूंनो. दगडावर घासायची कटकट नाही. तिथं थांबले आणि कागद मिटला.

अब्बा वाट बघत होते. मग म्हणाले, "रह गया एक." आणि पंचा खाली ओढून, त्या खोल गेलेल्या छातीतून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून, वैरागच्या बाजारात मी ओरडले होते अगदी त्याच चालीत म्हणाले, "एकदा घ्या, जन्मभर वापरा!"

आणि हसले. माझ्याकडं बघत, मी वक्तृत्वाचं बक्षीस आणलं की बघायचे तसे. अम्मीसुद्धा हसली. पुढं खोकला आला आणि आम्ही दोघी त्यांना धरून बसलो.

तो चाकू माझ्या पिशवीत असतो. कमानीचा आहे, गंजतो, तेल लावत राहावं लागतं. धार मी लावलेली नाही. तो कागदही माझ्याकडं आहे. त्याच्या तळाशी फक्त अब्बांचं नाव आहे. लिहिणारीचं तेव्हा घातलं नव्हतं, ते आता घालते.

रुबीना मौला शिकलगार.